तीस जण, एक फायबर: कोड निवडण्याआधी रिसीव्हरकडे बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे चुकीचं समजलो असेन तर इथेच अडवता येईल. एमटेकच्या प्रकल्पात तुम्हाला एकाच फायबर नेटवर्कवर तीस वापरकर्ते चालवायचे आहेत, प्रत्येकी १ जीबीपीएस, अंतर २० किलोमीटर. प्रत्येकाला वेगळा कोड, वेळेचं कुठलंही बंधन नाही, ज्याला वाटेल तेव्हा त्यानं पाठवावं आणि रिसीव्हरनं आपला कोड ओळखून आपला डेटा उचलावा. कोडनं वाटणी करायच्या या पद्धतीला ऑप्टिकल सीडीएमए म्हणतात. त्यासाठी मोबाइलच्या पुस्तकातले ३१ लांबीचे गोल्ड कोड तुम्ही मॅटलॅब या सॉफ्टवेअरमध्ये बसवलेत. एकटा वापरकर्ता झकास चालतो, तिसरा जोडला की बीईआर, म्हणजे चुकलेल्या बिटांचं प्रमाण, इतका चढतो की नाणं उडवून बिट ठरवलं तरी फार बिघडणार नाही. आणि तुम्ही विचारताय, 'यापेक्षा चांगला कोड कोणता?'

मी काही वर्षं प्रयोगशाळेत याच विषयावर फायबर कापत आणि जोडत काढली, आता ॲक्सेस नेटवर्कच्या नियोजनात आहे. त्यामुळे उत्तर थोडं दोन्ही बाजूंनी येईल. माझ्या मते तुमचा घोळ कोडच्या यादीत नाही, रिसीव्हरमध्ये आहे. रिसीव्हर नक्की काय मोजतो हे ठरल्याशिवाय कोड चांगला की वाईट हे सांगताच येत नाही.

रेडिओत चिप, म्हणजे कोडमधला एकेक तुकडा, +१ किंवा −१ असते. दोन परके कोड एकमेकांवर सरकवून बेरीज केली की अधिक-उणे कापलं जातं आणि शून्याजवळ काहीतरी उरतं. गोल्ड कोडची सगळी पुण्याई या कापाकापीवर आहे. फायबरच्या टोकाला मात्र तुम्ही साधा फोटोडायोड लावलाय. तो प्रकाशाची शक्ती मोजतो, आणि शक्ती उणे नसते. प्रकाश आहे किंवा नाही, एवढंच. आता तुमचाच कोड ०-१ मध्ये लिहून बघा. ३१ चिपमध्ये १६ एक आहेत, म्हणजे स्वतःचं शिखर १६. ज्या जोडीपासून गोल्ड कोड बनतात ती जोडी घेतली तर रेडिओत तिचं क्रॉस-कोरिलेशन (म्हणजे वरची सरकवून केलेली बेरीज) −९, −१ किंवा ७ येतं. तीच जोडी प्रकाशात ६, ८ किंवा १० देते. एक परका सरासरी ८ टाकतो, दोन परके १६. तिसरा वापरकर्ता आला की डोलारा कोसळणारच होता, तुमच्या प्रोग्रॅममध्ये काही चूक नाही.

म्हणून अशा रिसीव्हरसाठी कोड विरळ लागतात: लांबी भरपूर, त्यात मोजकेच पल्स, आणि दोन कोड कसेही सरकवले तरी एकापेक्षा जास्त पल्स एकमेकांवर पडायचे नाहीत. स्वतःचा कोड स्वतःवर सरकवला तरी तीच अट. यांना ऑप्टिकल ऑर्थोगोनल कोड म्हणतात. १९८९ मध्ये फॅन चुंग, जवाद सालेही आणि व्हिक्टर वेई यांनी ही व्याख्या नीट मांडली. नावात 'ऑर्थोगोनल' असलं तरी कोरिलेशन शून्य नसतं, एक असतं. तेही चालतं, कारण शिखर पल्सच्या संख्येइतकं असतं. या संख्येला कोडचं 'वजन' म्हणतात.

हे कागदावर करून बघा, दहा मिनिटं लागतात आणि विषय कायमचा डोक्यात बसतो. लांबी १३, वजन ३. पहिला कोड: पल्स ०, १ आणि ४ या जागी. त्यांच्यातले फरक १, ३, ४, आणि उलट बाजूनं १३ मधून वजा करून १२, १०, ९. दुसरा कोड: ०, २, ७. फरक २, ५, ७ आणि ११, ८, ६. दोन्ही मिळून १ ते १२ मधला प्रत्येक आकडा एकदाच आला, एकही दोनदा नाही. झालं, तुमचा कोड सिद्ध झाला. कारण कोड सरकवल्यावर दोन पल्स एकाच वेळी जुळायचे असतील तर त्या दोन पल्समधला फरक दोन ठिकाणी सापडायला हवा, आणि तो सापडत नाही. मॅटलॅब उघडायची गरजच पडली नाही.

ही फरकांची युक्ती प्रकाशतंतूंपेक्षा खूप जुनी आहे. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत राजचंद्र बोस यांनी १९३९ मध्ये संख्याशास्त्रीय प्रयोगांची रचना करताना ती पद्धतशीर वापरली. त्याच सुमारास रोझ पेल्टेसोन या जर्मन गणितज्ञेनं त्रिकुटांचा, म्हणजे आपल्या वजन ३चा, प्रश्न पुरता सोडवला. त्याचा आपल्याला थेट फायदा असा: लांबीला ६ने भागून १ उरत असेल, तर वजन ३चे कोड गणिती कमाल मर्यादेइतके हमखास मिळतात. तेव्हा असे कोड कॉम्प्युटरला रात्रभर शोधायला लावू नका.

आता एक माझी फजिती सांगतो, कारण ती तुमच्याही वाटेत उभी आहे. हेच दोन १३ लांबीचे कोड मी पहिल्यांदा फायबरच्या तुकड्यांनी बनवले होते. चिप १ नॅनोसेकंद, म्हणजे बिट १३ नॅनोसेकंदांचं. स्प्लिटरनं पल्सचे तीन भाग करायचे, प्रत्येकाला वेगळ्या लांबीच्या फायबरमधून फिरवायचं, पुन्हा एकत्र करायचं. मी एका चिपला ३० सेंटिमीटर धरून तुकडे कापले. क्लीव्हरनं कापणं, स्प्लायसरमध्ये जोडणं, सगळं मन लावून. ३० सेंटिमीटर हा प्रकाशाचा निर्वातातला हिशेब. काचेत ग्रुप इंडेक्स (पल्स किती पट मंदावतो तो आकडा) साधारण १.४७, त्यामुळे नॅनोसेकंदाला २० सेंटिमीटर आणि वर थोडंसं पडतं. माझी प्रत्येक चिप १.४७ नॅनोसेकंदांची झाली होती.

गंमत म्हणजे हे पकडलं जाईना. एन्कोडर (कोड बसवणारा) आणि डीकोडर (तो ओळखणारा) दोन्ही मीच त्याच चुकीनं कापलेले, त्यामुळे ते एकमेकांशी चपखल जुळत होते. एक सुटा बिट पाठवला की ऑसिलोस्कोपवर तीनचं शिखर आणि आजूबाजूला एकेकाच्या टेकड्या, अगदी पुस्तकातल्यासारखं. सलग १-१-१ बिट पाठवले तेव्हा मात्र दुसऱ्या कोडच्या शेजारी दोनची टेकडी उगवली. आधी वाटलं कनेक्टरमधून परावर्तन येतंय, दोन दिवस कनेक्टर पुसण्यात गेले. खरं कारण हिशेबातच होतं. ०, २, ७ चे पल्स प्रत्यक्षात ०, २.९४ आणि १०.२९ नॅनोसेकंदांवर पडत होते. २.९४ हा फरक आहेच, आणि पुढच्या बिटाकडून मोजलं तर १३ − १०.२९ = २.७१. एक नॅनोसेकंद रुंद पल्सला २.९४ आणि २.७१ जवळपास सारखेच. कोडची सगळी हमी 'लांबी १३ वर गोल फिरून' मोजलेल्या फरकांवर होती आणि माझं वर्तुळ १३ चिपचं राहिलंच नव्हतं. तेव्हापासून एकट्या बिटाची चाचणी मी चाचणी म्हणून मोजतच नाही.

असो. तुमच्या तीस जणांकडे येऊ.

वजन आणि लांबी दिली की जास्तीत जास्त किती कोड मिळतील याची मर्यादा सोपी आहे: लांबीतून १ वजा करा आणि वजन × (वजन − १) ने भागा. समजा लांबी १०००. वजन ५ असेल तर जास्तीत जास्त ४९ कोड, वजन ६ ला ३३, वजन ७ ला २३. म्हणजे ७ वर तुमचे तीस बसतच नाहीत. पण कोड पुरले म्हणून तीस जण एकाच वेळी सुखानं बोलतील असंही नाही, आणि इथेच बहुतेक प्रकल्प-अहवाल घसरतात. दोन आकडे वेगळे ठेवा: किती जणांना कोड वाटले, आणि एका क्षणी किती जण बोलतायत.

कुठल्याही एका परक्याचा पल्स तुमच्यावर आदळण्याची शक्यता म्हणजे वजनाचा वर्ग भागिले दुप्पट लांबी. दुप्पट का, तर तो अर्धा वेळ ० पाठवत असतो आणि शून्याला प्रकाशच नसतो. वजन ५ आणि लांबी १००० ला ही शक्यता ०.०१२५ येते. तुमचा बिट ० असताना पाच किंवा जास्त परके एकदम आदळले की चूक. दहा जण बोलत असतील तर दहा कोटी बिटांत साधारण दोन चुका, तीसही बोलू लागले तर एक लाखात दीडच्या आसपास. वजन ६ घेतलं तर दहा जणांना शंभर कोटींत एक-दीड, तीस जणांना दहा लाखांत सहाएक. वजन वाढवलं की शिखर उंच होतं, पण प्रत्येकजण जास्त पल्स टाकतो म्हणून आदळणंही वाढतं, शिवाय कोड कमी पडतात. कुठे थांबायचं हे तुमचे तीस जण किती बडबडे आहेत त्यावर ठरेल. ते तुम्ही प्रश्नात सांगितलेलं नाही.

कोणीतरी तुम्हाला सांगेल की कोरिलेशन एकाऐवजी दोन चालवून घे, हजारो कोड मिळतील. खरं आहे, लांबी १००० आणि वजन ५ ला मर्यादा ४९ वरून १६,५८३ वर जाते. पण तुमची अडचण कोडच्या टंचाईची नाही, गर्दीची आहे. घरं हजार आणि एका वेळी बोलणारी दहा, असं असेल तर तो मार्ग धरा.

आता यातली खरी ग्यानबाची मेख. हजार चिपची लांबी फुकट मिळत नाही, ती एका बिटाच्या वेळेत बसवायची आहे. १ जीबीपीएसला बिट १ नॅनोसेकंदाचं, म्हणजे चिप १ पिकोसेकंदाची. फायबरमध्ये १ पिकोसेकंद म्हणजे ०.२ मिलिमीटर. हे हातानं कापून होणार नाही, त्याला इंटिग्रेटेड सर्किटवर कोरलेल्या प्रकाशाच्या वाटा (वेव्हगाइड) किंवा फायबरमध्येच बनवलेल्या, ठरावीक रंग परतवणाऱ्या रेघा (ब्रॅग ग्रेटिंग) लागतील. पण तेही मिळाले असं धरा. एवढ्या आखूड पल्सचा वर्णपट १५५० नॅनोमीटरच्या आसपास साधारण ३.५ नॅनोमीटर पसरतो. नेहमीच्या जी.६५२ फायबरचं डिस्पर्शन (रंगांच्या वेगातल्या फरकानं पल्स पसरणं) तिथे किलोमीटरला आणि नॅनोमीटरला १७ पिकोसेकंद. गुणाकार करा: १७ × २० × ३.५, जवळपास १२०० पिकोसेकंद. तुमचा एक पल्स अख्ख्या बिटापेक्षा जास्त फैलावला. कोड कुठला होता याला मग काही अर्थ नाही. सिम्युलेशनमध्ये फायबरचा ब्लॉक न टाकता थेट एन्कोडरला डीकोडर जोडून काढलेले आलेख मी बरेच पाहिलेत. ते सुंदर दिसतात.

प्रकाशाचा जमाखर्चही बघा. साध्या स्प्लिटरच्या एन्कोडर-डीकोडर जोडीतून शिखर बाहेर येतं ते मूळ पल्सच्या 'एक भागिले वजनाचा घन' इतकं. वजन ६ ला २१६ पट घट, म्हणजे २३ डेसिबल (डीबी). सगळ्यांचा प्रकाश एकत्र करून सगळ्यांना वाटणारा ३२ वाटांचा स्टार कपलर आणखी १५. फायबर आणि कनेक्टर धरण्याआधीच ३८ डीबी झाले. घरोघरी जाणाऱ्या जीपॉन या फायबर नेटवर्कच्या बी प्लस वर्गाला सगळं मिळून २८ डीबी दिलेले असतात, त्यावरून अंदाज घ्या. ॲम्प्लिफायर लागणारच, आणि तो आपला नॉइज बरोबर घेऊन येतो.

यातून सुटायला लोक वेळेबरोबर रंगही वापरू लागले. कोड एका रेषेऐवजी तक्त्यावर मांडायचा: उभ्या बाजूला तरंगलांबी, आडव्या बाजूला चिप. मला सगळ्यात आवडणारी रचना मूळ संख्येवरची आहे, कारण ती लक्षात ठेवायला काहीच लागत नाही. ११ रंग आणि ११ चिप घ्या. कोड क्रमांक २ मध्ये रंग ०, १, २, ३… यांचे पल्स क्रमांकाची दुप्पट करून ११ने भागल्यावर उरणाऱ्या जागी: ०, २, ४, ६, ८, १०, १, ३, ५, ७, ९. कोड क्रमांक ३ ला तिप्पट, वगैरे. प्रत्येक रंग एकदाच येतो, त्यामुळे स्वतःवर सरकवलं तर काहीच जुळत नाही, साइडलोब (शिखराशेजारच्या टेकड्या) शून्य. दोन वेगळे कोड फार तर एका रंगात भेटतात. असे ११ कोड, प्रत्येकी वजन ११. तक्त्यातल्या तेवढ्याच १२१ चौकटी नुसत्या वेळेच्या रेषेवर मांडल्या आणि वजन ११ ठेवलं, तर वरच्या सूत्रानं कोड मिळतो फक्त एक.

तुमच्यासाठी ३१ घ्या: ३१ रंग, ३१ चिप, ३१ कोड, वजन ३१. तीस जण एकदम बोलले तरी तुमच्यावर जास्तीत जास्त २९ पल्स पडतील आणि शिखर ३१ चं आहे, म्हणजे गर्दीमुळे चूक होणारच नाही. चिप १ पिकोसेकंदावरून ३२ पिकोसेकंदांवर आली. रंग निम्मे करून १६ वर आणलेत तर ही हमी एका वेळी १६ जणांपुरती राहते.

पण इथेही फायबर आडवा येतो. १०० गिगाहर्ट्झच्या अंतरानं रंग ठेवले तर शेजारच्या दोन रंगांत ०.८ नॅनोमीटर, आणि २० किलोमीटरनंतर त्यांच्यात २७२ पिकोसेकंदांचं अंतर पडतं. पहिल्या आणि एकतिसाव्या रंगात आठ बिटांइतकी फारकत. एन्कोडरमध्येच उलटी सरक देऊन ती भरून काढता येते, फक्त प्रत्येकाचं घर वेगळ्या अंतरावर असेल तर प्रत्येकाची सरक वेगळी करावी लागेल. मी असतो तर प्रत्येक वाटेवर डिस्पर्शन भरून काढणारं फायबर टाकलं असतं. ३२ पिकोसेकंदांचा एकेरी पल्सही इतक्या अंतरात चिपभर पसरतोच, त्यामुळे ते तसंही लागणार आहे.

तुमचे जुने सिक्वेन्स टाकून देऊ नका. वेळ सोडून फक्त रंगांवर कोड मांडायचा आणि दोन फोटोडायोडची वजाबाकी घ्यायची, अशी एक पद्धत झाकारिन आणि कावेहराद यांनी १९९३ मध्ये मांडली. १११०१०० हा सात रंगांचा कोड घ्या, वजन ४. तो गोल फिरवून मिळणारा दुसरा कुठलाही कोड त्याच्याशी दोनच रंगांत जुळतो, आणि त्याच्या उलट कोडशी, म्हणजे ०००१०११ शी, तोही दोनच रंगांत. पहिला डायोड २, दुसरा २, वजाबाकी शून्य. परका नाहीसा. रेडिओतली कापाकापी प्रकाशात परत मिळाली, कारण रिसीव्हर बदलला. अडचण अशी की दोन्ही डायोडवर पडलेल्या परक्या प्रकाशाचा चढउतार वजाबाकीत जात नाही, आणि गर्दी वाढली की तोच डोईजड होतो.

सिम्युलेशनमध्ये हमखास सुटणारी गोष्ट म्हणजे बीट नॉइज. एकाच तरंगलांबीचे दोन लेझर एका चिपमध्ये भेटले तर शक्तीची साधी बेरीज होत नाही. आधी दोघांची विद्युत क्षेत्रं मिळतात, मग त्या बेरजेचा वर्ग होतो, आणि फेजनुसार एक अधिक एक म्हणजे शून्यापासून चारपर्यंत काहीही. वरचे माझे सगळे हिशेब साध्या बेरजेचे आहेत. रुंद वर्णपटाचा स्रोत वापरलात तर हे बरंच बोथट होतं.

मग प्रत्यक्षात हे कुठे चालतं, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. आपल्याकडे घराघरात येणारं फायबर बहुतेक जीपॉनचं आहे, वर जाताना प्रत्येकाला वेळ वाटून दिलेली असते. ११ रंग आणि ११ चिपच्या १२१ चौकटींत वेळ आणि रंग शिस्तीत वाटले तर १२१ जण बसतात, कोडनं ११. शिस्त न पाळता हवं तेव्हा बोलायची मुभा एवढी महाग पडते. तोंडी परीक्षेला हा प्रश्न येतो, उत्तर तयार ठेवा.

प्रकल्पासाठी मी काय करेन? १ जीबीपीएस आणि तीस जण ही जोडी प्रयोगशाळेत उभी करायचा हट्ट सोडेन. ते गणितात दाखवा. हातात मात्र चार जणांचं छोटं खेळणं घ्या: लांबी २५, वजन ३, चिप १ नॅनोसेकंद, वेग ४० एमबीपीएस. कोड तयारच देतो: (०, १, ६), (०, २, १०), (०, ३, १२), (०, ४, ११). फरक मांडून बघा, १ ते २४ सगळे एकेकदा येतात. तुकडे एका चिपला २०.४ सेंटिमीटर धरून कापा आणि चाचणी सलग बिटांवर घ्या. चौघंही बोलत असताना आदळण्याची शक्यता प्रत्येकी ०.१८, तिघं परके एकदम आदळले तरच चूक, म्हणजे बीईआर हजारात तीनच्या जरा खाली. डीकोडरच्या आधी आणि नंतर हार्ड लिमिटर (प्रकाश ठरावीक पातळीला पोचला तर तेवढाच, नाहीतर शून्य देणारा भाग) लावल्याचं सिम्युलेट केलंत तर तोच दहा हजारांत साडेसहावर यायला हवा. सिम्युलेशनमध्ये प्रत्येकाची शिफ्ट पूर्ण चिपच्या पटीत पण रँडम ठेवली तर हे आकडे जुळलेच पाहिजेत. प्रत्यक्ष मांडणीत चिप एकमेकांशी जुळलेल्या नसतात, त्यामुळे तिथे आकडा थोडा कमी येईल. फारच कमी आला तर खूश होण्याआधी चारही लेझर खरंच चालू आहेत ना, ते बघून घ्या.